दहापैकी किती

बी तपासायचं तर ते पोटाशी बांधावं लागतं, हे त्या घराचं शास्त्र होतं. प्रत्येक वाणाचे दहा दाणे मोजायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून पुरचुंडी करायची आणि ती कपड्यांच्या आत, बेंबीच्या जरा वर, पट्टीनं बांधून ठेवायची. दिवसातून तीनदा वरून पाणी शिंपडायचं. अंगाची ऊब लागली की जिवंत बी फुटतं. मग पुरचुंडी सोडायची, दहापैकी किती फुटले ते मोजायचं आणि तेवढाच आकडा पाकिटावर लिहायचा. एवढं झाल्याशिवाय म्हाताऱ्या सासऱ्यानं आयुष्यात कुणाला चिमूटभर बी दिलं नव्हतं. पस्तीस वर्षं हा मान सासूच्या पोटाचा होता. या वर्षी सासू नव्हती, म्हणून तो सुनेकडे आला.

मान कसला, शिक्षाच ती. वाल, काकडी, भेंडी, टोमॅटो, मिरची आणि पांढरं वांगं अशा सहा पुरचुंड्या सुनेच्या पोटाला लटकल्या होत्या. पाणी झिरपून कातडी पांढरी पडली होती, पट्टीखाली लाल चट्टे उठले होते आणि खाज अशी सुटायची की चारचौघांत हात आवरताना डोळ्यांत पाणी यायचं. वाकून लादी पुसताना गाठी फासळ्यांत रुतायच्या. सासूनं हे सगळं कसं सोसलं होतं कोण जाणे. कधी चकार शब्द काढला नव्हता तिनं.

"काय म्हणतायत पाहुणे?" म्हातारा रोज सकाळी पडवीतून विचारायचा.

"निजलेत अजून," ती म्हणायची.

"निजू दे, निजू दे. वाल आधी उठेल बघ. तो पहिल्यापासून आगाऊ."

शाळेच्या हॉलमध्ये बियाण्यांची अदलाबदल भरायला बारा दिवस होते. आसपासच्या दहा-बारा गावांतले भाज्या लावणारे लोक वर्षातून एकदा तिथं जमायचे. पैशाचा व्यवहार नाही. पाकिटाला पाकीट. ज्याच्या बियांचा आकडा पाचाच्या खाली, त्यानं टेबल लावायचं नाही, हा नियम म्हाताऱ्यानंच घातलेला. दारातून शिरताच डावीकडचं पहिलं टेबल त्याचं. लोक त्याला बीवाले तात्या म्हणत आणि त्याचं पाकीट डोळे मिटून घेत.

आता त्याचेच डोळे जवळजवळ मिटले होते. उजव्यात मोतीबिंदू पिकलेला, डाव्यात नुसता उजेड-अंधार. पण बोटं शाबूत होती. पडवीत पाय पसरून तो पाकिटं दुमडत बसायचा. कागद म्हणजे शाळेतल्या बाईंनी दिलेल्या जुन्या उत्तरपत्रिका. त्यामुळे एका पाकिटावर कुणाच्या तरी चुकलेल्या गणितावर लाल फुली असायची, तर दुसऱ्यावर 'अक्षर सुधारा' असा शेरा. तीन घड्या, खालची कड आत, वरून खळीचं एक बोट. शेजारी वाटीत कणकेची खळ, तिच्यावर माश्या. बायको गेल्यापासून म्हातारा दोन घासांवर ताट सारायचा, दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. सात महिने घरात असंच चाललं होतं. पाकिटांचे दिवस आले तसा तो आपणहून उठला, दाढी केली आणि पहिल्याच दिवशी ओरडला, "माझी कात्री कुणी ढापली?" हे ऐकून सुनेला इतकं बरं वाटलं की ती आत जाऊन रडली.

पाचव्या दिवशी तिनं मोरीचं दार लावून वालाची पुरचुंडी सोडली. दाणे फुगले होते, पण मोड नव्हता. बोटानं दाबला तर एक दाणा पिकल्या फोडासारखा फुटला आणि आतून करडा चिकट गर आला. तिनं दुसरा दाबला. तिसरा दाबायचा धीर झाला नाही. काकडीच्या बियांवर बुरशीची लव होती. तिनं दोन्ही पुरचुंड्या होत्या तशा बांधल्या.

बाहेर म्हातारा वांग्याचा डबा कानाशी धरून हलवत होता.

"सूनबाई, ये इकडे. हे ऐक. सुकं बी कसं खणखणीत वाजतं. हे मला जरा घुमं वाटतंय."

तिनं डबा त्याच्या हातून घेऊन खाली ठेवला.

"कान गेले वाटतं माझे," म्हातारा म्हणाला. "डोळे गेले, आता कान. राहिलंय काय मग? नुसती जीभ." आणि तो स्वतःच हसला.

कान गेले नव्हते. गेलं होतं ते बी, आणि ते कशानं गेलं हे सुनेला त्या मोरीतच कळलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात विहीर आटली. पाण्याची गाडी चौथ्या दिवशी यायची, तीही पाऊण तास उभी राहायची. ज्याच्या घरात जितकी भांडी, तितकं त्याचं पाणी. सासू तापानं फणफणलेली. तिला घोटाघोटाला पाणी लागायचं, कपाळावर पट्ट्या ठेवायला लागायचं, दिवसातून दोनदा अंथरूण धुवायला लागायचं. हंडे, बादल्या, पातेली, सगळं भरून झालं तरी पुरेना. तेव्हा नवऱ्यानं फळीवरचे बियांचे सहाच्या सहा डबे खाली काढले. घट्ट झाकणाचे, पत्र्याचे चांगले पाच-पाच लिटरचे डबे. बी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ओतलं आणि डब्यांत पाणी भरलं. म्हातारा तेव्हा आतल्या खोलीत बायकोच्या उशाशी बसून असायचा. त्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता असं नाही. पण विचारायला तोंड कुणाला होतं?

सासू गेली. पुढं पाणी थोडं सुरळीत झालं. घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती आणि म्हातारा कुठल्याही दिवशी उठून फळीकडे जाईल, ही धास्ती होती. सुनेनं डबे घासले, पुसले, एक दुपार उन्हात पालथे घातले आणि संध्याकाळी बी परत भरून झाकणं दाबून लावली. धुतलेला डबा सासू तीन दिवस उन्हात ठेवायची. पत्र्याच्या तळाशी जी दुमड असते तिच्यात पाणी लपून बसतं, बोटाला लागत नाही. हे सुनेला माहीत होतं. घाईत आठवलं नाही, इतकंच. त्या ओलीत झाकणाखाली बी सात महिने उबून मेलं.

नवव्या दिवशी तिनं सहाही पुरचुंड्या सोडल्या. वाल शून्य. काकडी शून्य. टोमॅटो, मिरची शून्य. पांढऱ्या वांग्याचे दहा दाणे तिनं एकेक करून तळहातावर पाहिले, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिले. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले. शून्य. भेंडीचा मात्र एक दाणा फुटला होता, नखाएवढा पांढरा मोड वाकवून. तिनं तो कान तुटलेल्या कपात माती घालून लावला आणि कप चुलीमागच्या खिडकीत ठेवला.

"सोडलंस का?" बाहेरून आवाज आला. "बोल. वांगं दहापैकी किती?"

म्हातारा मान वर करून, पांढरे डोळे तिच्या पावलांच्या चाहुलीकडे लावून बसला होता. मांडीवर पाकिटांचा ढीग, गालाला खळ लागलेली. सात महिन्यांत असा चेहरा तिनं पाहिला नव्हता.

"आठ," ती म्हणाली.

"वा! आणि वाल?"

"नऊ."

"नऊ! अगं, तुझ्या सासूच्या पोटालाही वाल नऊ कधी आला नाही. तुझी ऊब चांगली आहे हो." त्यानं आनंदानं मांडीवर थाप मारली. "घे पेन्सिल. लिही."

आणि ती लिहीत बसली. पांढरं वांगं, यंदाचं साल, दहापैकी आठ. चाळीस पाकिटं. काकडी, दहापैकी सात. मधे एकदा म्हातारा म्हणाला, "भेंडीला सहा म्हणालीस ना? नक्की मोजलंस? एकदा मी सहाचे सात लिहिले होते चुकून. दोन कोस चालत गेलो, खोडून आलो." तिनं "नक्की" म्हटलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

नवरा गवंडी. संध्याकाळी सिमेंटनं फुटलेल्या हातांना तेल चोळत तो परसात बसला होता. समोर भाजीचा तुकडा. वाफे पाडून तयार, पण मोकळे. अदलाबदलीतून बी आलं की ते भरायचे, हे दरसालचं.

"किती?" त्यानं हळूच विचारलं.

"एक."

"दहातला?"

"साठातला."

त्यानं तेलाची वाटी बाजूला सारली. "बाबांना काय सांगितलंस?"

"आठ. नऊ. आलं तोंडात ते."

"मग आता तेच राहू दे. लोक पेरतील, नाही उगवलं तर काय म्हणतील? पाणी कमी पडलं म्हणतील, मुंग्यांनी नेलं म्हणतील. तात्यांचं बी खोटं, हे कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही."

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

"मग सांग जा."

"डबे कुणी उतरवले? तुम्ही सांगा ना."

नवऱ्यानं वाफ्यांकडे पाहिलं, मग हातांकडे. "उद्या स्लॅबचं काम आहे. लवकर निघायचंय," असं म्हणून तो उठला. वाईट माणूस नव्हता तो. बापासमोर उभं राहायचं म्हटलं की त्याला कुठलं तरी काम आठवायचं, इतकंच.

पण सुनेनं मनाशी एक ठरवलं होतं, म्हणून तर ती गप्प होती. पांढरं वांगं म्हाताऱ्याच्या आईकडून आलेलं. कोंबडीच्या अंड्याएवढं, बिनकाटेरी, कमी पाण्यावर तगणारं. त्याच्या घराबाहेर ते मुळात कुणाकडेच नव्हतं, पण तीस वर्षं तो ते वाटत आला होता. म्हणजे दहा-बारा गावांत ते पसरलं असणारच. अदलाबदलीच्या दिवशी सकाळी चार टेबलं फिरायचं, कुणाकडून तरी मूठभर उसनं मागायचं, पाकिटांतलं मेलेलं बी गुपचूप काढून त्यांत ते चिमूटचिमूट घालायचं, उरलेलं घरी आणून डब्यात भरायचं. मेलेलं बी कुणाच्या हाती पडू द्यायचं नाही आणि म्हाताऱ्याला कळूही द्यायचं नाही. बाकीच्या भाज्या कुणाकडूनही मिळतील. वांगं मिळालं की झालं.

त्या दिवशी ती त्याचा हात धरून तासभर चालली. खांद्याला पाकिटांची पिशवी, तिची दोरी तिनं दुहेरी गाठ मारून आवळलेली. निघताना तिनं खिडकीतल्या कपात पाहिलं. भेंडीचं रोप दोन दिवसांत वर आलं होतं, आज ते मानेत मोडून मातीवर आडवं पडलं होतं.

हॉलमध्ये गर्दी कमीच होती. दुष्काळानं टेबलं निम्म्यावर आली होती. दारातल्या पहिल्या टेबलापाशी मात्र जागा झाडून ठेवलेली होती. शेजारी रोपवाटिकेवाल्यानं चकचकीत छापील पाकिटांचा स्टँड लावला होता. दरवर्षी तो म्हणायचा, "तात्या, तुम्ही दमलात की ही जागा मला." आणि दरवर्षी तात्या म्हणायचा, "तू म्हातारा झालास की बघू."

"मामंजी, मी येईपर्यंत पिशवी सोडू नका," तिनं त्याला खुर्चीत बसवत बजावलं.

"का गं?"

"मी नीट मांडते ना. तुम्ही सांडाल."

"बरं, बाई."

पहिलं टेबल भोपळेवाल्या जोडप्याचं. तिनं इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "पांढरं वांगं आहे का हो, थोडं?"

जोडप्यातली बाई हसली. "अगं, ते तुमच्याकडचंच. आम्ही दरसाल तात्यांकडून नेतो. घरी कशाला धरून ठेवायचं? आताही तेच घ्यायला आलोय."

दुसऱ्या टेबलावर तेच. तिसऱ्यावर एक माणूस म्हणाला, "बी धरायला झाड पिकवावं लागतं, वहिनी. आम्ही कोवळीच खातो. तुम्ही आहात की." चौथ्या टेबलावरच्या बाईनं लावलं होतं, पण सगळी झाडं उन्हाळ्यात वाळून काटक्या झाली होती. पाचवा, सहावा. प्रत्येक जण तोंडभर हसून तेच सांगत होता, कौतुकानं सांगत होता. तात्या आहेत म्हणून कुणी ठेवलं नव्हतं. पट्टी सोडून तीन दिवस झाले होते, तरी सुनेच्या पोटाला पुन्हा खाज सुटली.

शेवटच्या टेबलावर निवृत्त पोस्टमन होता. कागदाचा कपटा न टाकणारा माणूस. "पांढरं वांगं? थांब," असं म्हणून त्यानं एक फाईल काढली. तिच्यात टाचणीनं लावलेलं पाकीट होतं, तीन वर्षांपूर्वीचं, म्हाताऱ्याच्या स्वतःच्या अक्षरातलं. दहापैकी नऊ.

तिनं दोन्ही हात पुढे केले. "हे द्याल मला? बदल्यात काय म्हणाल ते देते."

"घे की." पोस्टमननं टाचणी काढून ते तिच्या हातावर ठेवलं. पाकीट हलकं लागलं. तिनं तोंड उघडून आत पाहिलं, उलटं करून तळहातावर झटकलं.

"बी मी पेरलं गं त्याच साली," पोस्टमन म्हणाला. "पाकीट ठेवलं. अक्षर बघ काय सुंदर आहे तात्यांचं."

ती परत वळली तेव्हा पहिल्या टेबलाभोवती माणसं जमली होती. ती धावतच गेली. पिशवीची गाठ कात्रीनं कापलेली होती. कात्री शिवणकाम करणाऱ्या बाईंची. त्यांना दूरच्या गावाची गाडी गाठायची होती म्हणे. म्हातारा दोन्ही हातांनी पाकिटं देत होता, बोटांनी चाचपून वाण ओळखत होता आणि समोर लोकांनी ठेवलेल्या पाकिटांचा ढीग लागला होता. गाजर, मुळा, दुधी, कोबी, सगळं निवडलेलं, ज्यानं त्यानं दुष्काळात जपून काढलेलं. तात्यांना द्यायचं म्हणून लोकांनी हातचं चांगलं दिलं होतं.

"आली का सूनबाई? अगं, वांगं संपत आलं," म्हातारा फुलून म्हणाला. "मी सगळ्यांना सांगतोय, आकडे हिच्या पोटाचे आहेत."

लोक हसले. शिवणकामवाल्या बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, आमची या वर्षीची सगळी आशा या चिमटीवर आहे. विहिरीत चार महिन्यांचं पाणी आहे, तेवढ्यात येणारी भाजी हीच."

सुनेनं तोंड उघडलं. आवाज आला तो नको इतका मोठा.

"ती पाकिटं परत द्या. ते बी मेलेलं आहे."

हॉलमध्ये आधी कुणाला समजलंच नाही. कुणीतरी "काय म्हणाली?" असं विचारलं.

"सगळं मेलेलं आहे. आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत, यांना माहीत नाही." तिचा चेहरा भाजल्यासारखा तापला होता. जमीन दुभंगून आत घ्यावं असं वाटत होतं, पण लादी होती तशीच घट्ट होती. "यांचा काही दोष नाही. पाकिटं परत द्या आणि तुमचं बी न्या."

मग एकानं पाकीट टेबलावर ठेवलं. दुसऱ्यानं ठेवलं. म्हातारा हात मांडीवर घेऊन बसला होता आणि कागदावर कागद पडल्याचा आवाज ऐकत होता. एखादा हळू म्हणत होता, "राहू द्या तात्या, मी टाकून बघतो. सांगता येत नाही." ही दया म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर चापटीसारखी बसताना सुनेला दिसली. शिवणकामवाल्या बाईंनी आपलं दुध्याचं बी उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं आणि कात्री पिशवीत टाकून वर न बघता गेल्या. रोपवाटिकेवाल्यानं आपला स्टँड वीतभर अलीकडे सरकवला. मग त्यालाच कसंसं वाटलं असावं, त्यानं तो परत पलीकडे घेतला.

"किती?" म्हाताऱ्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"शून्य."

"सगळंच?"

"भेंडी एक."

"मग भेंडीवर एक लिही," म्हातारा म्हणाला. "बाकीच्यांवर शून्य. चुकीच्या आकड्याचं पाकीट माझ्या टेबलावरनं जाणार नाही. बस. खोड."

ती बसली. पोस्टमननं त्याचं रबर दिलं. भरल्या हॉलमध्ये, लोकांची अदलाबदल चालू असताना, ती एकेक पाकीट घेऊन आठ खोडत होती आणि शून्य लिहीत होती. म्हातारा खोडलेलं पाकीट हातात घेई, बोटानं कागदाचा खरखरीतपणा चाचपे आणि बाजूला ठेवी. वांग्याची चाळीसपैकी एकतीस परत आली. "नऊ गेली," तो म्हणाला. "कोण कोण गेलं, सांगा."

परतीची निम्मी वाट सरली. मग म्हातारा म्हणाला, "कशानं?"

तिनं सांगितलं. गाडी, हंडे, फळी, डबे, एक दुपारचं ऊन. स्वतःला वाचवायचा प्रयत्न केला नाही, नवऱ्याचं नावही घेतलं नाही. म्हातारा मधेच थांबला. तिला वाटलं धाप लागली.

"ती म्हणायची," तो म्हणाला, "शेवटी शेवटी. पाण्याला वांग्याच्या बियांचा वास येतोय म्हणायची. मला वाटलं, तापात बरळतेय. पी गपचूप, म्हणालो मी तिला." त्याच्या पांढऱ्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. सुनेनंही पुसलं नाही, तिच्या एका हातात त्याचा हात होता, दुसऱ्यात दोरी कापलेली पिशवी. भररस्त्यात ती दोघं तशीच उभी राहिली.

पुढचे सहा दिवस ती दोघं घरोघर चालत होती. नऊ घरं. प्रत्येक दारात म्हातारा स्वतः सांगायचा, "आमचं पाकीट पेरू नका." बहुतेकांनी पाणी विचारलं, बसा म्हणाले. शिवणकामवाल्या बाईंच्या दुसऱ्या गावातल्या नणंदेनं मात्र पाकीट आधीच नेऊन अदलाबदलीच्याच दुपारी बी टाकलं होतं. वाफा नीट सारवल्यासारखा ओला होता. "सहा दिवस पाणी घालतेय हो तात्या," ती म्हणाली. "पोरांच्या आंघोळीचं वाचवून घातलंय." म्हातारा त्या वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला, ओल्या मातीवर तळहात ठेवला आणि उठला.

सातव्या दिवशी त्यानं पाकिटांची कात्री सुनेकडे दिली. "फळीवर ठेव. लागणार नाही." मग म्हणाला, "डबा आण. वांग्याचा."

"कशाला, मामंजी?"

"दहा मोज."

तिनं मोजले. त्यानं फडकं स्वतः ओलं केलं, स्वतः पुरचुंडी केली, सदरा वर करून आपल्या खपाटीला गेलेल्या पोटावर धरली आणि म्हणाला, "बांध. माझ्या अंगाला ऊब बेताचीच आहे. पण बघू."

तिनं बांधली. त्याच्या फासळ्या तिच्या बोटांना लागत होत्या. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि तसाच कामाला निघून गेला. परसातले मोकळे वाफे एव्हाना भेगाळले होते.

पुरचुंडीला आठव्या दिवसापासून वास यायला लागला. सोडून टाका, असं सून म्हणाली, तर म्हातारा म्हणाला, वांग्याला कधी कधी वेळ लागतो. रोज सकाळी तो सदरा वर करून बसायचा, ती गाठ सोडायची आणि दहा काळपट दाणे उजेडात धरायची.

"किती?"

"शून्य, मामंजी."

"नीट मोजलंस?"

"नीट मोजलं."

"बरं. बांध परत."

ती दोन चमचे पाणी शिंपडून परत बांधायची. सतरावा दिवस झाला, विसावा झाला. त्याच्या पोटाची कातडी पांढरी पडली, पट्टीखाली लाल चट्टे उठले. तो रोज विचारत राहिला आणि ती रोज खरं सांगत राहिली.